व्हेरिएबल पे, लाडकी बहीण आणि आपला ‘सूचना व तक्रारी’ ग्रुप

निखिल बी-७०४: कुणाकडे रेखामावशी आल्यात का आज? ११ वाजले, फोन उचलत नाहीयेत. १२ ला क्लायंट कॉल आहे आणि सिंक भरलंय

जोशी काकू ए-४०२: अरे माझ्याकडेच बसलीये. लाडक्या बहिणीचं केवायसी करून देतेय तिला. साइट नुसती गोल गोल फिरते. आता नवऱ्याच्या आधारचा ओटीपी मागतायत आणि नवरा गावाला, फोन बंद

निखिल बी-७०४: म्हणजे सरकारचे १५०० मिळावेत म्हणून माझी भांडी पडून आहेत. छान

निखिल बी-७०४: काकू तुमच्यावर राग नाही. पण आजच व्हेरिएबल (वर्षाचा बोनस) जमा झाला, जवळजवळ तिसरा हिस्सा टीडीएसमध्ये गेला. वर्षभर रात्री दोन दोनपर्यंत कॉल घ्यायचे, मणके गेले, आणि पैसे आले की आधी सरकार. आणि ते कुठे जातात तर हे असं

साठे काका ए-२०१: *फक्त २ टक्के लोक टॅक्स भरतात, ९८ टक्के मजा मारतात. विचार करा. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.* 🙏

मकरंद सी-९०१: काका हा मेसेज गणपतीत पण आला होता

डॉ. पेंडसे बी-१०१: निखिलशी सहमत. प्रामाणिक माणसालाच पिळतात या देशात

मकरंद सी-९०१: डॉक्टर, तुमच्याकडे यूपीआयचा स्कॅनर लागला का हो? मागच्या वेळी ‘आज चालत नाहीये’ होतं

डॉ. पेंडसे बी-१०१: मागेल त्याला पावती देतो मी. वैयक्तिक बोलायचं काम नाही

गायकवाड (सेक्रेटरी): कृपया ग्रुप सोसायटीच्या कामासाठी वापरावा. उद्या सकाळी ८ ते १० पाणी नाही, टाकी धुणार आहेत

निखिल बी-७०४: सर सोसायटीचंच बोलतोय. टँकर कुणाच्या पैशाने येतो? आपल्या. रस्त्यावरचा दिवा कुणी लावला? आपण. वॉचमन, कॅमेरे, मुलांची शाळा, दवाखाना, सगळं स्वतःच्या खिशातून. मग मी ३० टक्के देतो ते नेमकं कशासाठी? मला फक्त एकच विचारायचंय, ३० टक्के भरून मला काय मिळतं

अमृता सी-३०३: निखिलदादा, ३० नाही देत तू. ३० हा तुझा शेवटचा स्लॅब. तुझं पॅकेज ४० धरू (मागे तूच सांगितलं होतंस म्हणून). ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन गेलं, ४ लाखांपर्यंत शून्य, मग ५, १०, १५ असं चढत २४ लाखांपर्यंत मिळून ३ लाख, त्याच्या वर ३० टक्क्यांनी. सेस धरून ७ लाख ८८ हजार. म्हणजे २० टक्क्यांच्याही आत. बोनस वरच्या वर येतो ना, त्यामुळे त्याच्यातून ३१ टक्के गेलेले दिसतात

निखिल बी-७०४: बरं २० टक्के. ७ लाख ८८ हजार भरून मला काय मिळतं

मकरंद सी-९०१: 😀😀

अमृता सी-३०३: आणि साठे काका, २०२४ मध्ये ३१ जुलैपर्यंत ७ कोटी २८ लाख रिटर्न आले, त्यातल्या पुष्कळांचा टॅक्स शून्य, त्यामुळे इन्कम टॅक्सपुरता तुमचा आकडा फार लांब नाहीये. पण तेवढाच टॅक्स नसतो ना. रेखामावशी मोबाइलचं रिचार्ज मारते त्याच्यावर १८ टक्के जीएसटी, तुम्ही मारता त्याच्यावरही १८ च. तिच्या नवऱ्याच्या गाडीत पेट्रोल पडतं त्यावर एक्साइज आणि व्हॅट, निखिलच्या एसयूव्हीला लागतो तोच दर. तिच्या १२ हजारात ते किती टोचतं आणि आपल्याला किती, एवढंच बघा

डॉ. पेंडसे बी-१०१: पण म्हणून फुकट वाटायचं? राज्यावर ९ लाख कोटींच्या वर कर्ज आहे. लाडक्या बहिणीला २०२५-२६ ला ३६ हजार कोटी. सामाजिक न्यायचा आणि आदिवासी विभागाचा निधी वळवला म्हणून सरकारमधलाच मंत्री ओरडला. २०२५ ला मराठवाड्यात पूर आला तर ३१,६२८ कोटींचं पॅकेज, आणायचे कुठून?

जोशी काकू ए-४०२: पूर आलेल्यांना पण द्यायचे नाहीत का डॉक्टर

डॉ. पेंडसे बी-१०१: तसं म्हणालो नाही मी

साठे काका ए-२०१: *फक्त २ टक्के लोक टॅक्स भरतात, ९८ टक्के मजा मारतात. विचार करा.* 🙏

मकरंद सी-९०१: काका तुम्ही ७६ वर्षांचे ना? परवा कोल्हापूरला एसटीने गेलात, तिकीट किती लागलं

साठे काका ए-२०१: ती ज्येष्ठांची योजना आहे. ७५ च्या पुढे सगळ्यांना फुकट. मी ४० वर्षं टॅक्स भरला आहे

जोशी काकू ए-४०२: आणि मी अर्ध्या तिकिटात जाते, मला तर आवडतं बाई

अमृता सी-३०३: काढायचंच तर सगळंच काढू. सेल्फ-ऑक्युपाइड म्हणून पुणे महापालिकेच्या मिळकतकरात ४० टक्के सवलत घेतो आपण. पीटी-थ्री फॉर्मसाठी याच ग्रुपवर किती धावपळ चालली होती, गायकवाड सरांनी स्वतः गठ्ठा नेऊन दिला. तेव्हा कुणी रेवडी म्हटलं नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य केला त्यात केंद्राने साधारण १ लाख कोटी सोडले. २०१९ ला कंपन्यांचा टॅक्स ३० वरून २२ वर आणला तेव्हा १ लाख ४५ हजार कोटी. बहिणीचे पैसे फोटो काढून वाटतात म्हणून डोळ्यात येतात

निखिल बी-७०४: ते मान्य आहे गं. पण हे सगळं माझ्यासारख्याला लागू नाही ना. मी ना १२ लाखाच्या आत, ना कंपनी. शेतीचं उत्पन्न टॅक्स फ्री, मग कुणी कितीही एकर बागायत का करेना. वर्षाच्या वर ठेवलेले शेअर विकून ४० लाख नफा केला तर सव्वा लाख सोडून साडेबारा टक्के, आणि मी घासून ४० लाख कमवले तर वरच्या टप्प्याला ३०. पगारदार माणसाला लपवायला जागाच नाही, फॉर्म सोळा आला की संपलं. बरं एवढं करून उद्या माझी नोकरी गेली तर? माझ्या टीममधले तिघं बेंचवर आहेत (हाताला प्रोजेक्ट नाही), एकाचं वय ४६, ईएमआय ९२ हजार, मुलगी बारावीला. त्याला सरकार काय देणार, काही नाही. तो १५ वर्षं भरतोय. १५०० पण नाही मिळणार त्याला

निखिल बी-७०४: मावशीवर राग नाहीये माझा हे लिहून ठेवा. पण मी फक्त देणाऱ्यांच्या यादीत आहे

वैशाली कांबळे ए-१०३: हे बरोबर बोललात. नोकरी गेल्यावर काहीतरी हवंच, त्यासाठी भांडा, मी सही करते. पण दुसऱ्याचं बंद करा ही मागणी वेगळी आहे

वैशाली कांबळे ए-१०३: आणि एक. पगाराच्या स्लिपवर पीटी म्हणून २०० रुपये कापलेले दिसतात ना (फेब्रुवारीत ३००), तो व्यवसाय कर १९७५ चा. रोजगार हमीला पैसा हवा म्हणून लावला होता. वि. स. पागेंची ती योजना, शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून थोडं घ्यायचं, तेवढंच सरकारने घालायचं आणि गावात मागेल त्याला काम द्यायचं. माझी आजी ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होती, कामावर सुकडी मिळायची, तीन पोरं त्यावर जगली. त्यातला एक माझा बाप. आज मी शाळेत शिकवते, टीडीएस माझाही कापतात. लागतो पगाराला, नाही म्हणत नाही. पण ‘मजा मारतात’ वाचलं की डोकं फिरतं

*(बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही)*

मकरंद सी-९०१: पीटीचं हे खरंच माहीत नव्हतं

साठे काका ए-२०१: तो मेसेज मला पुतण्याने पाठवला होता. मी फक्त पुढे पाठवला

डॉ. पेंडसे बी-१०१: तेव्हा काम करून पैसे होते ताई. आता घरबसल्या आहेत. आणि पुरुषांनी पण बहीण बनून घेतले हे पेपरात आलं, सरकारी नोकरीतल्या बायका सापडल्या. म्हणूनच केवायसी

जोशी काकू ए-४०२: घरबसल्या? रेखा सकाळी सहाला निघते, सात घरं करते. तिच्या घरी कुणी इन्कम टॅक्स भरत असतं किंवा चारचाकी असती तर नावच निघालं असतं. चोरांना पकडा की, पण नवरा दाद देत नाही त्या बाईने ओटीपी कुठून आणायचा ते सांगा

निखिल बी-७०४: काकू माझ्या लॅपटॉपवरून करून बघू का, तुमचं वायफाय स्लो असेल

जोशी काकू ए-४०२: वायफाय नाही रे, नवरा स्लो आहे

मकरंद सी-९०१: 😂 आजचा मेसेज

ओंकार बी-५०२ (म्युनिक): आत्ता वाचलं सगळं. इथे माझा वरचा स्लॅब ४२ टक्के, शिवाय पेन्शन, हेल्थ, बेकारीचा विमा वेगळा कापतात, हातात निम्म्याला थोडं वर येतं. पण मुलामागे महिन्याला अडीचशे युरोच्या वर मिळतात, पगार कितीही असो, मला पण आणि क्लीनरला पण. नोकरी गेली तर हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण ६० टक्के, मूल असेल तर ६७, पहिलं वर्षभर. त्यामुळे कुरकूर सगळे करतात, पण ‘मला काय मिळतं’ हा प्रश्न तसा येत नाही. आपल्याकडे गरीब तेवढाच घेणारा ठरवून टाकला आहे, तिथेच बिनसलं असं मला वाटतं

निखिल बी-७०४: हेच म्हणतोय मी सकाळपासून

मकरंद सी-९०१: तू सकाळपासून भांडी म्हणत होतास

वैशाली कांबळे ए-१०३: विषय निघालाच आहे तर. एजीएममध्ये मी म्हटलं होतं की मेंटेनन्स एरियाप्रमाणे घ्या, मोठ्या फ्लॅटने जास्त द्यावं. तेव्हा उपविधी काढून दाखवले मला, की सेवाशुल्क सगळ्यांना सारखं. माझा वन बीएचके आणि वरचे फोर बीएचके, गच्चीसकट, एकच आकडा. टाळ्या पण वाजल्या होत्या

मकरंद सी-९०१: मी नव्हतो त्या एजीएमला

वैशाली कांबळे ए-१०३: तुम्हीच अनुमोदन दिलं होतंत मकरंद, सी-९०१

अमृता सी-३०३: आणि ७,५०० च्या वर गेला की १८ टक्के जीएसटी लागतो म्हणून मेंटेनन्स त्याच्या खाली ठेवायचा ठरावही एकमताने पास झाला होता

डॉ. पेंडसे बी-१०१: ते कायदेशीर आहे. सिंकिंग फंड, दुरुस्ती वगैरे बांधकामाच्या खर्चावर असतंच की

वैशाली कांबळे ए-१०३: बेकायदा म्हटलंच नाही मी. फक्त फ्लॅट घेताना ज्यांनी थोडी तरी रक्कम रोखीत दिली नाही त्यांनी अंगठा दाखवा

गायकवाड (सेक्रेटरी): कृपया असे प्रश्न ग्रुपवर विचारू नयेत!! ग्रुपवर ऑडिटर पण ॲडेड आहेत

गायकवाड (सेक्रेटरी): ओंकार, तुमची दोन तिमाहीची थकबाकी आहे. फ्लॅट भाड्याने असल्याने १० टक्के नॉन-ऑक्युपन्सी आणि उशिराचं व्याज पण लागलंय, २१ टक्क्यांनी

ओंकार बी-५०२ (म्युनिक): सर मूळ रक्कम आज करतो. व्याज तेवढं माफ होईल का, बाहेरून ट्रान्सफरला फार त्रास होतो

मकरंद सी-९०१: कर्जमाफी 🙏

जोशी काकू ए-४०२: ४२ टक्के भरतो बिचारा, करा माफ

निखिल बी-७०४: एकाला माफ केलं की सगळे मागतील. वेळेवर भरणारे काय वेडे आहेत का

गायकवाड (सेक्रेटरी): लेखी अर्ज द्यावा. कमिटीपुढे ठेवतो