केलाँगच्या बर्फासाठी जिम्नी घ्यावी की स्कॉर्पिओ-एन?

सुदामानगरकर, इंदूर
नमस्कार. माझी मुलगी हिमाचलात लाहौलमधल्या केलाँगला डॉक्टर आहे, येते दोन हिवाळे तरी तिथेच राहील. तिच्यासाठी गाडी घ्यायची आहे. जानेवारीत गुडघाभर बर्फ साचतो म्हणते. माझ्या मनात मारुतीची जिम्नी आहे. तिचे बाबा म्हणतात महिंद्राची स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर देणारी) घेऊ, जड गाडी घसरत नाही. शोरूमवाला साधी टू-व्हील-ड्राइव्ह एसयूव्ही दाखवतोय, 'क्लिअरन्स आहे ना मॅडम' म्हणून, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून उंच आहे. जाणकारांनी नीट सांगा, पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे.

रामबागकर
ताई, स्कॉर्पिओच घ्या. इंदूरला येता-जाता चौघं सामानासकट आरामात बसतील. जिम्नीची डिकी मागची सीट उभी असताना २०८ लिटरचीच, दोन बॅगांत भरते.

महूवाले काका
ताई, माझी सगळी नोकरी लाहौल-लडाखकडे गाड्या दुरुस्त करण्यात गेली. जड गाडीला चढावर थोडी पकड मिळते, पण उतारावर तेच वजन तिला खाली रेटतं. जिम्नी १,२०० किलोच्या आसपास, स्कॉर्पिओ-एन कितीतरी जड. शिवाय तिची फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये येते. कडाक्याच्या थंडीत डिझेलमध्ये मेण धरतं, फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांतही वाहतं राहणारं डिझेल काढलं ते याचसाठी. एकटीला पहाटे दवाखाना गाठायचा तर पेट्रोलची जिम्नी. तिला लो-रेंजही (हळू पण जास्त जोराने चालवणारा गिअर) आहे.

पण गुडघाभर बर्फात तीही जाणार नाही. क्लिअरन्स २१० मिलिमीटर. बर्फ त्याहून खोल झाला की गाडीचं पोट टेकतं आणि चाकं जागीच फिरतात. रस्ता साफ होईपर्यंत थांबायचं, हे मुलीकडून कबूल करून घ्या.

आणि टायर! फोर बाय फोर गाडी पुढे काढतं, थांबवत नाही. साध्या टायरचं रबर सात अंशांखाली कडक होऊ लागतं. तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह असलेले टायर शोधा, वेळ लागला तरी चालेल. टायरवर चढवायच्या चेन हव्याच, कोणत्या चाकांना लावायच्या ते गाडीच्या पुस्तकात बघा आणि इथे अंगणात मुलीकडून लावून-काढून घ्या. बर्फात बोटं बधिर झाल्यावर शिकता येत नाही.

सुदामानगरकर
काका, खूप आभार. यांना वाचून दाखवलं, डिझेलच्या मुद्द्यावर पटलं त्यांना. फोर बाय फोर कायम लावून ठेवायचं का? अटल बोगद्यातही?

महूवाले काका
नाही. बोगद्यातला रस्ता कोरडा असेल तर टू-एचवर (फक्त दोन चाकांना जोर) या. जिम्नीत मधला डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतो. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, कोरड्या डांबरावर त्याचा ताण गिअरवर येतो. बोगदा संपला, बर्फ दिसला की पुन्हा फोर-एच (चारही चाकांना जोर). उतारावर दुसरा गिअर, ब्रेक हलकेच.

रात्री सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकांना दगड लावावेत. हँडब्रेक ओढला तर गोठून चिकटतो. आणि इंदूरला सर्व्हिसिंगला आली की कूलंटमध्ये कुणाला नुसतं पाणी ओतू देऊ नका. इथे चालून जातं, केलाँगला एका रात्रीत गोठून इंजिन फोडू शकतं.