शेवटचा हात फिरवण्यासाठी रंधा: कोणता घ्यावा आणि कसा बसवावा?

प्रश्न

नमस्कार. मी हौसेने सुतारकाम करते. माझ्याकडे सध्या ५ क्रमांकाचा, साधारण ३५० मिमी लांबीचा लोखंडी रंधा आहे. फळ्या सरळ आणि सपाट करण्याचे काम त्याने चांगले होते. परंतु त्यानंतरचा शेवटचा पृष्ठभाग मला पॉलिश पेपरनेच घासून आणावा लागतो. पॉलिश पेपरने घासलेले लाकूड हाताला गुळगुळीत लागले, तरी त्यावर तेल चढवल्यावर ते काहीसे धुरकट दिसते, आणि रंध्याने कापलेल्या पृष्ठभागावर रेषा (लाकडाच्या तंतूंची ठेवण) जशी स्वच्छ उमटते तशी ती उमटत नाही. म्हणून खास शेवटच्या हातासाठी एक लहान रंधा घ्यावा, असे मनात आहे.

माझ्यासमोर सध्या सागवानाच्या चार पट्ट्या जोडून केलेला टेबलाचा माथा आहे. दोन पट्ट्यांची रेषा एका दिशेने आणि उरलेल्या दोघींची काही ठिकाणी उलट्या दिशेने जाते, त्यामुळे रंधा कोणत्याही बाजूने मारला तरी कुठे ना कुठे लाकूड उचकटते. माझे प्रश्न असे आहेत. रंधा कोणत्या आकाराचा घ्यावा? पात्याचा उतार (धारेची घासून तिरकी केलेली बाजू) वर ठेवून वापरायचा रंधा अशा लाकडासाठी खरोखर अधिक चांगला असतो का? आणि जाड पात्यामुळे कितपत फरक पडतो?

प्रतिसाद १

आकाराबद्दल फार विचार करण्याची गरज नाही. ४ क्रमांकाचा रंधा घ्यावा. हे क्रमांक अमेरिकेतील लिओनार्ड बेली यांच्या रचनेबरोबर रूढ झाले. त्यांचा व्यवसाय स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये विकत घेतला आणि पुढे इतर उत्पादकांनीही तीच रचना व तेच क्रमांक उचलले, त्यामुळे कोणत्याही कंपनीचा ४ क्रमांकाचा रंधा साधारण २४० मिमी लांब आणि ५० मिमी रुंद पात्याचाच असतो. साडेचार क्रमांकाचे पाते सुमारे ६० मिमी रुंद असते आणि रंधा जडही असतो. मोठ्या पृष्ठभागावर त्याचा उपयोग होतो, पण तो ढकलायला ताकद जास्त लागते. लहान हातांना ३ क्रमांक सोयीचा वाटतो.

या रंध्याची लांबी कमी ठेवण्यामागे स्पष्ट कारण आहे. लांब रंधा उंचवट्यांवरून जातो आणि खोलगट जागेला त्याचे पाते टेकतच नाही; तेथवर पोहोचण्यासाठी संपूर्ण माथा उतरवत न्यावा लागतो. आखूड रंधा मात्र पृष्ठभागाच्या किंचित चढउताराबरोबर जातो आणि सगळीकडून एकसारखा पातळ थर काढतो. म्हणूनच सपाट करण्याचे काम आधी लांब रंध्याने पूर्ण झालेले असले पाहिजे. आखूड रंध्याने फळी सपाट करू पाहिल्यास तिच्यातील चढउतार जसेच्या तसे राहतात.

जुना रंधा मिळत असेल तर तो अवश्य पाहावा, मात्र घेताना काही गोष्टी तपासाव्यात. रंध्याचा सांगाडा बिडाचा असतो आणि बीड पडल्यावर तडकते, म्हणून तोंडाच्या (तळातील ज्या फटीतून पाते बाहेर येते तिच्या) दोन्ही कोपऱ्यांजवळ आणि बाजूच्या भिंतींवर बारीक तडा आहे का, हे उजेडात निरखून पाहावे. तडा असेल तर तो रंधा सोडून द्यावा. गंज, तुटलेली मूठ आणि झिजलेले पाते यांवर उपाय आहेत. तळाच्या बाबतीत पुढचे टोक, तोंडाच्या लगेच पुढची पट्टी आणि मागचे टोक हे तीन भाग एका पातळीत असले म्हणजे पुरे. मधे कुठे किंचित खोलगट असल्यास काही बिघडत नाही. तळ काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासायचा असेल, तर पाते आत ओढून पण नेहमीसारखे आवळलेल्या स्थितीतच घासावा, कारण लिव्हर कॅपच्या (पाते वरून दाबून धरणाऱ्या झाकणाच्या) ताणाने सांगाडा अतिशय सूक्ष्म प्रमाणात वाकतो आणि आपल्याला तळ त्या ताणाखाली सपाट हवा असतो.

प्रतिसाद २

उतार वर ठेवलेल्या पात्याबद्दल मी लिहितो, कारण माझे बरेचसे काम त्याच प्रकारच्या रंध्याने होते. नेहमीच्या रंध्यात पाते ४५ अंशांच्या बैठकीवर असते आणि धारेचा उतार खाली असतो, त्यामुळे धार २५ अंशांची लावा किंवा ३० अंशांची, लाकडाला भिडणारा कोन ४५ अंशच राहतो. दुसऱ्या प्रकारात बैठक साधारण १२ अंशांची असते आणि उतार वर असतो, म्हणून त्यात धारेचा कोन मिळवला जातो. २५ अंशांची धार असल्यास कापण्याचा कोन ३७ अंश होतो आणि ३८ अंशांची असल्यास ५० अंश. कोन जितका उभा, तितके तंतू उचकटण्याआधीच तुटतात, आणि उलट्यासुलट्या रेषेच्या लाकडात त्याचा फायदा होतो.

या रंध्यात सुटे भाग कमी असतात, पाते बहुधा ३ मिमीहून जाड असते आणि तोंड पुढच्या स्क्रूने लहानमोठे करता येते. नवशिक्याला तो लवकर वळणावर आणता येतो, ही त्याची मोठी बाजू आहे. उभ्या कोनाची किंमतही आहे. रंधा ढकलायला जड जातो, धार लवकर जाते आणि मऊ लाकडावर पृष्ठभागाची चमक कमी होते. शिवाय काम बदलले की दुसऱ्या कोनाचे पाते घालावे लागते. तुमच्या माथ्यासाठी मी हाच रंधा सुचवेन.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत, पण या चर्चेत सर्वांत महत्त्वाचा भाग अजून आलेला नाही, आणि तो तुमच्याकडे आज असलेल्या रंध्यातही आहे. पात्यावर स्क्रूने आवळलेली जी दुसरी पत्ती असते, म्हणजे कॅप आयर्न, ती केवळ पात्याला आधार देण्यासाठी किंवा साली (रंध्यातून निघणारे लाकडाचे पातळ थर) बाहेर फेकण्यासाठी नसते. लाकूड उचकटणे थांबवणे हेच तिचे मुख्य काम आहे.

लाकूड उचकटते ते असे. उलट्या रेषेत पाते शिरले की निघणारी साल पात्यावर चढते आणि लाकडाला तरफेसारखी वर उचलू लागते. मग धारेच्या पुढेच तंतूंमध्ये फट पडते आणि ती रेषेच्या दिशेने खाली, म्हणजे आपल्याला राखायच्या पृष्ठभागाच्याही खाली उतरते. पाते पुढे जाऊन ते तंतू तोडते तेव्हा मागे खड्डा उरलेला असतो. कॅप आयर्नची कड धारेच्या अगदी जवळ असेल, तर साल वर चढताच तिच्यावर आदळते आणि पुढे मोडली जाते, त्यामुळे तिला तरफेचे काम करता येत नाही आणि फट पुढे धावण्याआधी धार तिथे पोहोचते. ही गोष्ट अठराव्या शतकातील कारागिरांना माहीत होती. जपानमधील यामागाता विद्यापीठातील कावाई आणि कातो या प्राध्यापकांनी तर ही क्रिया अतिशय जवळून चित्रित करून दाखवली, आणि त्या चित्रणात कॅप आयर्न दूर असताना उचकटणारे लाकूड ती जवळ आणल्यावर स्वच्छ कापले जाताना दिसते.

जवळ म्हणजे किती, हाच प्रश्न आहे. बहुतेक रंध्यांमध्ये ती धारेपासून १ मिमी किंवा त्याहून दूर ठेवलेली आढळते, आणि तेवढ्या अंतरावर पातळ सालीवर तिचा काहीही परिणाम होत नाही. अवघड लाकडावरील शेवटच्या हातासाठी हे अंतर ०.१ ते ०.३ मिमी असावे लागते. ते मोजण्याच्या भानगडीत न पडता डोळ्यांनी असे साधावे: स्क्रू इतकाच आवळावा की पत्ती जोर लावल्यावर सरकेल, पाते खिडकीच्या उजेडात तिरके धरावे आणि अंगठ्याने पत्ती पुढे रेटत न्यावी. पत्तीच्या पुढे पात्याची चकाकणारी जी पट्टी दिसते ती अरुंद होत होत केसाएवढी राहिली की थांबावे आणि स्क्रू आवळून पुन्हा पाहावे, कारण शेवटच्या आवळण्यात पत्ती हमखास थोडी सरकते.

यासाठी दोन गोष्टी आधी झालेल्या असाव्यात. पत्तीची कड पात्याच्या पाठीवर संपूर्ण रुंदीत घट्ट बसली पाहिजे. दोन्ही उजेडासमोर धरून मधून प्रकाश दिसत असेल, तर पत्तीची खालची बाजू दगडावर घासून नीट करावी. तसेच पत्तीच्या पुढच्या कडेचा कोन किमान ५० अंशांचा असावा. कड फार निमुळती असेल तर साल तिच्यावर आदळण्याऐवजी तिच्यावरून सहज निसटते.

प्रतिसाद २ मधील रंध्याबद्दल माझा आक्षेप एवढाच आहे की त्यात कॅप आयर्न नसते, आणि म्हणून उचकटणे रोखण्यासाठी उभा कोन व अरुंद तोंड एवढेच मार्ग उरतात. कॅप आयर्न नीट बसवलेला ४५ अंशांचा साधा रंधा त्याच लाकडावर अधिक चकाकणारा पृष्ठभाग देतो. तेव्हा नवा रंधा घेण्याआधी हातातल्या रंध्यावर हे करून पाहावे. जाड पात्याचा प्रश्न त्यानंतरचा आहे. जाड पाते कमी थरथरते हे खरे, पण बैठक घट्ट असेल आणि धार उत्तम असेल तर मूळ पातळ पातेही पुरते, आणि ते दगडावर लवकर धार घेते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. कॅप आयर्न सांगितल्याप्रमाणे जवळ आणले. उलट्या रेषेच्या पट्ट्यांवर फरक लगेच जाणवला. जिथे बोटाला खड्डे लागत होते तिथे आता सलग पृष्ठभाग आहे. मात्र दोन अडचणी आल्या. साली तोंडात अडकून चुण्या पडलेल्या कागदासारख्या साचतात, आणि दुसरे म्हणजे प्रत्येक फेऱ्याच्या कडेला लाकडावर एक बारीक रेघ उठते, जी हाताला कळत नाही पण तिरप्या उजेडात दिसते.

प्रतिसाद ३

साली चुरगळून साचणे म्हणजे वाट अडलेली आहे. कॅप आयर्न इतके जवळ आल्यावर तोंड अरुंद ठेवण्याचे कारण राहत नाही; फ्रॉग (पाते ज्यावर टेकते ती बैठक) मागे सरकवून तोंड मोकळे करावे. तरीही साली चुरगळतच राहिल्या तर कॅप आयर्न धारेच्या जरुरीपेक्षा जवळ आहे, ते थोडे मागे घ्यावे. पत्ती योग्य जागी असेल तर साल गुंडाळी न होता सरळ उभी बाहेर येते, आणि बसवणे जमले की नाही हे मी त्यावरूनच ओळखतो.

कडेच्या रेघा पात्याच्या कोपऱ्यांमुळे उठतात. धार अगदी सरळ असली की दोन्ही कोपरे लाकडात रुततात. धार लावताना बोटांचा दाब आधी एका कोपऱ्यावर आणि मग दुसऱ्या कोपऱ्यावर आळीपाळीने द्यावा, म्हणजे धारेला अगदी किंचित गोलाई येते आणि साल मध्यभागी भरीव व दोन्ही कडांना विरत गेलेली निघते. गोलाई फक्त काही शतांश मिलिमीटरची हवी. जास्त झाल्यास कॅप आयर्न मध्यभागी योग्य अंतरावर राहून कडांना पात्याच्या पुढे निघेल.

प्रतिसाद १

धारेबद्दल थोडी भर घालतो, कारण सागवानात सिलिका असते आणि ती पोलादाची धार लवकर खाते. १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांची बारीकता) धारेच्या दगडावर पात्याच्या पाठीकडे उलटलेली बारीक कोर पूर्ण रुंदीत बोटाला जाणवेपर्यंत घासावे, मग ४००० आणि ८००० ग्रिटवर यावे आणि प्रत्येक दगडावर पाठ सपाट टेकवून ती कोर काढावी. पाठीचा फक्त धारेलगतचा भाग आरशासारखा असला तरी पुरतो. रंधा ढकलायला जड जाऊ लागला किंवा पृष्ठभागाची चमक उतरली की लगेच पुन्हा धार लावावी. साल निघते आहे म्हणून चालवून घेऊ नये.

पाते बाहेर काढताना ते आधी पूर्ण आत घ्यावे आणि पितळी चाक फिरवत हळूहळू पुढे आणावे. लाकडाची एक बारीक चोई तोंडावरून डाव्या कोपऱ्यावर आणि मग उजव्या कोपऱ्यावर फिरवावी. दोन्हीकडे सारखाच कीस निघेपर्यंत पाते डावी-उजवीकडे झुकवणारा दांडा हलवावा. चाक उलटे फिरवून पाते मागे घ्यावे लागले, तर नेहमी गरजेपेक्षा थोडे जास्त मागे घेऊन पुन्हा पुढे आणावे, नाहीतर आट्यांमधील ढिलाईमुळे काम चालू असतानाच पाते मागे सरकते. तळावर मेणबत्तीचे मेण अधूनमधून ओढावे. त्याने ढकलण्याचा जोर बराच कमी होतो आणि शेवटच्या फेऱ्यांत हात स्थिर राहतो.

एवढे करूनही गाठीच्या भोवती एखादी जागा ऐकत नसेल, तर तेवढ्या जागेवर पोलादी स्क्रेपर (पृष्ठभाग खरवडण्याची पातळ पट्टी) वापरावा आणि बाकीचा माथा रंध्याचाच ठेवावा.