कुत्र्याला घेऊन नदीच्या घळीत: तुमचे अनुभव सांगा

काल माळा आवरताना बंड्याचा पट्टा सापडला. बंड्या जाऊन चार वर्षं झाली, पण बक्कलमध्ये निघोजची वाळू अजून तशीच.

एका मार्चमध्ये त्याला तिथले रांजणखळगे दाखवायला नेलं होतं. (त्याला काय दाखवायचं म्हणा!) रांजणगावच्या गणपतीला रस्त्यावरूनच हात जोडले आणि टाकळी हाजीकडून कुकडीच्या पात्रात उतरलो. पलीकडे मळगंगेचं देऊळ, मधे कातळ कापत गेलेली घळ. भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी घासून घासून हे रांजण कसे झाले, ते मी बायकोला समजावतोय आणि बंड्या एक पाय वर, मग दुसरा पाय वर. मला वाटलं नाचतोय. अकरा वाजून गेलेले, काळा कातळ नुसता तवा. पंज्यांच्या गाद्या सोलल्या. २६ किलोचं धूड खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत आलो. साहेब वरून माझा कान चाटतायत.

तुमच्याकडच्यांचे प्रताप येऊ द्या.

भटकी_वीणा
अरेरे, बिचारा. पालथा हात दगडावर ठेवून सात आकडे मोजायचे. टिकला नाही तर कुत्र्यालाही चालवायचं नाही. आम्ही पहाटे पाचलाच कोथरूड सोडतो.

राणीची_आई
ताम्हिणी, प्लस व्हॅली. उतरताना राणी पुढे, आम्ही बुडावर घसरत मागे. चढताना एका टप्प्यावर बसली ती बसलीच. शेवटी माझ्या ओढणीची झोळी करून नवऱ्याच्या पाठीवर. त्याची पाठ अजून ऐकतेय मी.

पेठकर
झोळीत राणी होती की तुम्ही? 😄

राणीची_आई
कुकर लावलाय, नंतर बघते तुमच्याकडे.

शेरूकाका
साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोची लस चुकवू नका. घरी आलं की कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा. आमच्याला ताप आला, लघवी लाल. बारा दिवस सलाईन. तेव्हापासून मी फक्त तळजाईला जातो.

शिरूरकर
आमचं गाव तिकडचंच. कुकडीचं आवर्तन सुटलं की पात्रात पाऊल टाकू नका. कडक ऊन असतं, वरून धरणाचं पाणी येतंय हे कळतही नाही. खळग्यांचे काठ साबणासारखे गुळगुळीत. कुत्रं आत पडलं तर त्याला चढता येत नाही. पट्टा सोडायचाच नाही तिथे.

मनीमाऊ
आमच्याकडे मांजर. ती जिना उतरत नाही. वाचतेय.

पेठकर
त्या रस्त्याला मिसळ कुठे बरी मिळते?

बंड्याचा_बाबा
शिरूरला खाल्ली होती. हॉटेल आठवत नाही, बंड्याने शेजारच्या टेबलावरचे पाव पळवले तेवढं आठवतं.

भटकी_वीणा
पट्टा टाकू नका हं.

बंड्याचा_बाबा
नाही हो. सॅकला बांधलाय. पाण्याची बाटली अडकवायला बरा पडतो.