करंट आणि लेझरने व्हायरस मिनिटांत कळतो म्हणे, करंट मधे कशाला?

साधा_वाचक:
एका व्हिडिओत बघितलं, चिपवर थेंबभर सॅम्पल, मग करंट, मग लेझर आणि काही मिनिटांत व्हायरसचं नाव हजर. पीसीआरला तास जातात. लेझरचं समजलं पण करंट का देतात? व्हायरस मरणार नाही का त्याने?

चिपवाला:
मारायला नाही रे, गोळा करायला. कोरोनाचा व्हायरस साधारण 100 नॅनोमीटरचा, थेंबात कुठेतरी भटकत असतो, लेझरचा ठिपका मायक्रॉनभर (म्हणजे 1000 नॅनोमीटर), त्याच्याखाली तो आपणहून येईल याची वाट बघत बसलास तर संध्याकाळ होईल. म्हणून दोन कंगवे दात एकमेकांत घालून ठेवावेत तसे सोन्याचे इलेक्ट्रोड असतात, त्यांना एसी, म्हणजे दिशा सतत बदलणारा करंट द्यायचा. दातांच्या कडेला विजेचं फील्ड दाट, मधे विरळ, त्या फरकामुळे कण कडेकडे ओढला जातो (फ्रिक्वेन्सी बदलली तर उलटा ढकललाही जातो). डायइलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात याला. डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट दिला तर नुसते बुडबुडे.
गोची अशी की ही ओढ आकारमानावर ठरते, 10 मायक्रॉनच्या पेशीपेक्षा व्हायरस 100 पट बारीक म्हणजे ओढ 10 लाख पट कमी, म्हणून दातांमधली फट जमेल तेवढी अरुंद करावी लागते.

रामनभक्त:
आणि लेझरवाल्यांनाही तो तिथेच हवा असतो! रामन सिग्नल म्हणजे लेझरचा व्हायरसवरून रंग बदलून परतलेला प्रकाश, कुठल्या रंगाला किती आला याच्या आलेखातल्या शिखरांवरून ओळख पटते. पण तो मुळात मरतुकडा, कोटभर फोटॉनमागे एखादा रंग बदलून येतो. 1974 मधे खडबडीत चांदीवर तो खूप तगडा मिळाला, सर्स (SERS, तो आजार नव्हे) म्हणजे तेच, लाखो पट वाढ. पण ती धातूपासून जेमतेम काही नॅनोमीटरपर्यंतच, व्हायरस जरा लांब राहिला की संपलं. करंट त्याला धातूला नेऊन चिकटवतो. आणि मेला तरी बिघडत नाही, प्रोटीन तेच, शिखरंही साधारण तीच.

हात_पोळलेला:
सगळं खरं, पण व्हिडिओतला थेंब बहुतेक स्वच्छ बफरचा (लॅबमधल्या तयार द्रावणाचा) असणार. मी लाळ तशीच घातली होती एकदा, मिठामुळे करंट एवढा वाहिला की थेंब गरम होऊन भोवरे सुटले आणि गोळा झालेलं सगळं परत पसरलं. वर लाळेतली प्रोटीनं आधी जाऊन सोन्यावर बसतात, त्यांचीच शिखरं दिसतात. शिखरांवरून नाव ओळखणारं सॉफ्टवेअर स्वच्छ सॅम्पलवर शिकलेलं असेल तर ते बिनधास्त चुकीचं नाव सांगतं.

साधा_वाचक:
म्हणजे आधी लाळ गाळून पातळ करायची, तो वेळ त्या मिनिटांत धरलाय का?

हात_पोळलेला:
तेच तर कोणी सांगत नाही 😄