विषय: आईची रात्रीची ढास – कुठलं सिरप द्यावं?

प्रेषक: शाळावाली ताई
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७.१०

नमस्कार मंडळी,

आई-बाबा साताऱ्याहून इथे अमेरिकेत येऊन तीन आठवडे झाले. दिवसा आई तशी बरी असते, पण पाठ टेकली की ढास सुरू. कफ नाही, ताप नाही, नुसती कोरडी उबळ. सगळं घर जागं. आल्याचा रस, हळद-दूध, भाजलेली लवंग, सगळं करून झालं. काल ऑफिसातून येताना दुकानात शिरले, तर खोकल्याच्या औषधांची अख्खी भिंत! दिवसाचं, रात्रीचं, छातीचं, सायनसचं, बिनसाखरेचं. शेवटी 'डीएम' लिहिलेली एक बाटली उचलली. पैसे भरायच्या यंत्रानं अडवलं, मग एका मुलीनं येऊन माझं लायसन्स पाहिलं. पंचेचाळिशीत कोणीतरी वयाचा पुरावा मागितला म्हणून बरंही वाटलं.

रात्री अकराला दोन चमचे दिले, पहाटे तीनला पुन्हा दोन. फरक शून्य. आज त्याच्यावर ते रात्रीचं हिरवं सिरप दिलं तर चालेल का? नाहीतर या पंधरवड्यात भारतातून कोणी येतंय का? तिकडचं सिरप घेतलं की माणूस झोपतो तरी.

डॉक्टरकडे न्यायचं, तर व्हिजिटर इन्शुरन्सचं (पाहुण्यांच्या विम्याचं) तुम्हाला माहीतच आहे, खर्च आपल्याच अंगावर येतो.

– ताई


प्रेषक: बापू
गुरुवार, ६ नोव्हेंबर, सकाळी ७.३२

अगं, मागवतेस कशाला? माझ्या कपाटात कोडीनवालं सिरप आहे, मार्चमध्ये मुंबईहून आणलेलं, अर्धी बाटली शिल्लक. संध्याकाळी नाटकाच्या तालमीला येशील तेव्हा घेऊन जा. सोबत ज्येष्ठमधाच्या कांड्या देतो, आईंना दिवसभर चघळायला सांग. आणि सितोपलादी मधातून, नाहीतर आमच्या आजीचा अडुळशाचा काढा. मी चाळीस वर्षं घेतोय, मला काही झालेलं नाही.

– बापू

ता.क. रविवारी तालीम चारला नाही, साडेतीनला.


प्रेषक: फार्मसीवाली वहिनी
गुरुवार, ६ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

ताई, आधी तुला. हिरवं सिरप देऊ नकोस, आणि कालच्या बाटलीतलंही आज देऊ नकोस. दोन गोष्टी बघून मला वेगळी मेल कर, लिस्टवर नको. एक, बाटलीवर कुठे '१२ तास' लिहिलंय का? दोन, आई रोज कोणकोणत्या गोळ्या घेतात? पाकिटावरचं मोठं नाव नको, त्याखाली बारीक अक्षरात असतं ते औषधाचं नाव हवं. भारतातली कंपन्यांची नावं इथे कोणालाही कळत नाहीत, मलाही सगळी कळत नाहीत.

बापू, ती बाटली तालमीला आणू नका. कोडीन हे अफूच्या जातीचं, इथे नियंत्रित औषध आहे. आपलं दुसऱ्याला देणं कायद्यात बसत नाही, मग तुम्ही कितीही प्रेमानं दिलंत तरी. आणि कोडीनचं शरीरात मॉर्फिन होतं. काही जणांच्या यकृतात ते इतक्या झपाट्यानं होतं की श्वास मंदावतो. कोणाच्या, ते जनुकीय चाचणी केल्याशिवाय आधी कळत नाही. इथल्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, २०१८ साली अशी सिरपं अठराच्या खालच्यांना द्यायचीच नाहीत असं ठरवलं, ते उगाच नाही.

काउंटरला गिऱ्हाईक आहे, बाकीचं जेवणाच्या सुट्टीत लिहिते.


प्रेषक: फार्मसीवाली वहिनी
गुरुवार, ६ नोव्हेंबर, दुपारी १.१५

ताईची मेल आली, आम्ही फोनवर बोललो. आईंची परवानगी घेऊन लिहितेय; 'लिहा, दुसऱ्याच्या आईला उपयोग होईल' असं त्यांचंच म्हणणं पडलं.

बाटली बारा तासांचीच निघाली. ताईला '१२ तास' ही जाहिरात वाटली होती, किती वेळ आराम पडतो त्याची! 'डीएम' म्हणजे डेक्स्ट्रोमेथॉर्फन. मेंदूत खोकल्याची आज्ञा जिथून सुटते ते केंद्र हे औषध मंद करतं. १९५८ पासून इथे ते चिठ्ठीशिवाय मिळतं. साध्या सिरपाचा डोस दर चार तासांनी १० ते २० मिलिग्रॅम, किंवा सहा ते आठ तासांनी ३०. चोवीस तासांत मोठ्या माणसाला १२० च्या वर नाही. बारा तासांच्या बाटलीत तेच औषध राळेच्या बारीक कणांना बांधलेलं असतं, म्हणून ते हळूहळू सुटतं (आणि म्हणूनच बाटली नीट हलवून घ्यायची असते). तिचा डोस १० मिली, म्हणजे एकदम ६० मिलिग्रॅम, आणि पुढचा बारा तासांनी. आईंना अकराला आणि तीनला मिळाला. दिवसभराची मर्यादा चार तासांत संपली.

त्यातही चमचा कुठला? स्वयंपाकघरातला. इथे टीस्पून ५ मिलीचा आणि टेबलस्पून १५ मिलीचा, आपल्या घरात दोन्ही 'चमचा'च. पोहे खायच्या चमच्यात किती मावतं ते देव जाणे. बाटलीबरोबर प्लास्टिकचा माप असलेला कप येतो, तो आपण पहिल्याच दिवशी फेकतो किंवा नातवंडांना भातुकलीला देतो. तो नसेल तर कुठल्याही फार्मसीत सुईशिवायची सिरिंज मागा. मी तर फुकट देते.

आता मुख्य गोष्ट. आई रोज रात्री एक 'झोपेची गोळी' घेतात. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलंय एस्सिटालोप्राम. ती झोपेची गोळी नाही, ते नैराश्यावरचं आणि चिंतेवरचं औषध आहे. आपल्याकडे डॉक्टर बरेचदा तसं सांगत नाहीत आणि पेशंट विचारत नाही. ही गोळी मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवते आणि डीएमही थोडं वाढवतं. दोन्ही एकत्र घेतल्यावर दर वेळी काही होतंच असं नाही, पण डोस चढला की होऊ शकतं: अस्वस्थपणा, घाम, हात थरथरणं, धडधड, स्नायू आपोआप उडणं, ताप. आईंना पहाटे घाम आला होता आणि 'जिवाला कसंतरी' होत होतं. त्यांना वाटलं जागरणामुळे. मी ताईला पॉयझन कंट्रोलला (विषबाधेच्या मदत-केंद्राला) फोन लावायला सांगितला: १-८००-२२२-१२२२. फुकट आहे, चोवीस तास चालतो, इन्शुरन्स विचारत नाहीत. विष प्यायल्यावरच तिथे फोन करायचा असं काही नसतं. त्यांनी वय, वजन, वेळा, गोळ्या विचारल्या, घरीच लक्ष ठेवायला सांगितलं, आणि दोन तासांनी त्यांनीच उलट फोन केला. आई आता ठीक आहेत, आमटी-भात जेवल्या.

एस्सिटालोप्रामपेक्षा फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिनच्या बाबतीत जास्त जपायला हवं, कारण डीएम ज्या वाटेनं शरीराबाहेर पडतं ती वाटच ती अडवतात. आणि घरात कोणाला पार्किन्सन्स असेल, सेलेजिलिन किंवा रासाजिलिन चालू असेल, तर डीएम अजिबात नाही. ती गोळी थांबवून दोन आठवडे होईपर्यंतही नाही. बाटलीच्या पाठीवर हे छापलेलं असतं. तुम्ही सगळे पुढची बाजू वाचता.

आता हिरवं सिरप. त्यातही डीएमच असतं. शिवाय गुंगी आणणारं डॉक्सिलामिन, आणि तापाचं असिटॅमिनोफेन. हे असिटॅमिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, फक्त इथलं नाव वेगळं. ३० मिलीच्या एका मापात ६५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे तिकडची ६५०ची एक अख्खी गोळी. अंग दुखतं म्हणून बाबा दिवसातून तीनदा ती गोळी घेतात, वर हे सिरप चार वेळा घेतलं की दिवसाची ४००० मिलिग्रॅमची हद्द ओलांडली, आणि यकृत त्या वेळी काही बोलत नाही, दोन दिवसांनी बोलतं. डॉक्सिलामिननं म्हाताऱ्या माणसांना रात्री उठताना तोल जातो, प्रोस्टेट असेल तर लघवी अडते. काही बाटल्यांत १० टक्के अल्कोहोलही असतं. ('म्हणूनच झोप लागते!' असं बापू म्हणणार.)

थोडक्यात, नुसता कोरडा खोकला असेल तर ज्यात एकच औषध आहे अशी बाटली घ्या. कफ सुटत असेल तर खोकला दाबू नका, तो बाहेर पडायलाच हवा.


प्रेषक: नाना
गुरुवार, ६ नोव्हेंबर, दुपारी ३.५०

वहिनी, चांगलं लिहिलंत. ताईच्या 'भारतातून मागवू का' वर एक सांगावंसं वाटतं. १९८६ साली मी भायखळ्याला राहत होतो. जे.जे.मध्ये औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, चौदा पेशंट गेले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाची चौकशी आम्ही रोज पेपरात वाचायचो. आणि आता ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या सिरपानं वीसहून जास्त लेकरं गेली. पुन्हा तोच पदार्थ. चाळीस वर्षं होत आली.

– नाना


प्रेषक: फार्मसीवाली वहिनी
गुरुवार, ६ नोव्हेंबर, सायंकाळी ५.२०

नाना, हो. पण तिकडचं सगळंच वाईट असंही नाही. मी रोज मोजते त्यातल्या कितीतरी जेनेरिक गोळ्या भारतातच बनतात. सिरपाचं दुखणं वेगळं: कच्चा द्रव तपासला नाही तर अख्खी खेप नासते, आणि पिणारं बहुतेकदा मूल असतं.

बापू, ज्येष्ठमध आईंना नको. सतत चघळलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं, आणि त्यांना बीपी आहे. सितोपलादीबद्दल तक्रार नाही, पण त्यात १६ भाग खडीसाखर असते आणि तुम्ही ती मधातून घेता. तुमचा शुगरचा रिपोर्ट मी पाहिलाय. अडुळशाबद्दल मात्र तुमच्या आजीला मान: त्यातल्या वासिसीनवरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध बनलं. गंमत म्हणजे ते तिकडे गल्लोगल्ली मिळतं आणि इथे मिळत नाही.

ताई, तुझ्या यादीत मला आणखी एक गोष्ट दिसली. रात्री फोन करते.


प्रेषक: बालनाट्यवाली मावशी
शुक्रवार, ७ नोव्हेंबर, सकाळी ९.००

वहिनी, आमचा नातू तीन वर्षांचा, त्यालाही खोकला. लहान मुलांचं म्हणून जांभळं मिळतं ते चालेल?


प्रेषक: फार्मसीवाली वहिनी
शुक्रवार, ७ नोव्हेंबर, सकाळी ९.१२

नाही मावशी. चारच्या आत डीएम किंवा सर्दीचं कुठलंच नको, बाटलीवरच लिहिलेलं असतं. भारतातही ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयानं दोनच्या आत नाहीच, आणि पाचच्या आत सहसा नाही असं कळवलंय. त्याला झोपताना अर्धा टीस्पून मध द्या. २००७ साली पेनसिल्व्हेनियात खोकणाऱ्या १०५ मुलांवर पाहिलं होतं. काहींना कुट्टूच्या फुलांचा मध, काहींना डीएम, काहींना काहीच नाही. आईबापांच्या मते सर्वांत बरी रात्र मधवाल्यांची गेली. मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटावरही नको, बोटुलिझमचा (जिवाणूच्या विषानं होणाऱ्या आजाराचा) धोका असतो. श्वास घेताना बरगड्यांमध्ये खळगा पडत असेल किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर मध बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा.

ज्यांची मुलं हायस्कुलात आहेत त्यांनी डीएमच्या बाटल्या मोजून ठेवा. जास्त डोस नशेसाठी घेतात. ताईचं लायसन्स बघितलं ते म्हणूनच. कॅलिफोर्नियात २०१२ पासून अठराच्या खालच्यांना विकत नाहीत.


प्रेषक: शाळावाली ताई
शनिवार, २९ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

मंडळी, तिथेच अर्धवट राहिलं होतं म्हणून लिहितेय.

वहिनींना यादीत दिसलं ते रामिप्रिल. साताऱ्याच्या डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये आईची बीपीची गोळी बदलली होती आणि ढास सप्टेंबरपासून. या जातीच्या गोळ्यांनी ब्रॅडीकायनिन नावाचा पदार्थ साठतो आणि कोरडा खोकला लागतो, बायकांना जास्त. त्यावर सिरप ओतून फारसा उपयोग नाही. वहिनींनी दोनदा बजावलं की गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. मी त्याच रात्री साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. डॉक्टर म्हणाले, 'अहो, मग टेल्मिसार्टन देऊ.' पण तिकडची चिठ्ठी इथली फार्मसी घेत नाही, म्हणून शेवटी इथल्या क्लिनिकमध्ये गेलोच. त्यांनी छाती तपासली, एक्स-रे काढला (तीन आठवड्यांहून जास्त खोकला आणि भारतातून आलेलं माणूस म्हटल्यावर टीबी आहे का ते बघतातच), तो स्वच्छ निघाला, आणि गोळी बदलून दिली. बिल आलं ते आलं.

पहिले दहा दिवस काहीच फरक नव्हता. आई म्हणाली, 'अमेरिकेची हवाच वाईट.' मग एका रात्री मी दोनला जागी झाले, कारण आवाज येत नव्हता. उठून बघून आले, श्वास चालू होता, घोरत होती.

आता फ्रिजवर दोघांच्या गोळ्यांची यादी लावलीय, औषधाच्या नावांसकट, आणि मापाचा कप तिथेच दोऱ्यानं बांधलाय. बापूंच्या ज्येष्ठमधाच्या कांड्या आई परत पाठवतेय. म्हणते, तालमीत घसा बसेल त्याला द्या, फक्त बीपी विचारून.

– ताई


प्रेषक: बापू
शनिवार, २९ नोव्हेंबर, सकाळी १०.५५

कोडीनची बाटली पोलीस स्टेशनातल्या औषधांच्या पेटीत टाकून आलो. तिथल्या बाईनं नाव-गाव काही विचारलं नाही. पेटीचं झाकण उघडून थोडा वेळ उभा राहिलो, जिवावर आलं जरा.

ता.क. उद्या तालीम साडेतीनला. या वेळी खरंच साडेतीनला.