एटीव्हीचे पॉवर स्टेअरिंग फवारणीच्या वेळीच जड होते. युनिट बदलावे का?

कातळवाट:
नमस्कार. रत्नागिरीजवळ, समुद्रापासून फार लांब नाही अशा ठिकाणी आमची हापूसची बाग आहे. कातळावरच्या चढणीत ट्रॅक्टर फिरत नाही म्हणून पाच वर्षांपूर्वी 570 सीसीची, इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग असलेली एटीव्ही (मोटारसायकलसारखे हँडल आणि चार जाड टायर असलेली, खडबडीत जमिनीवर चालणारी गाडी) घेतली. पावसाळाभर ती मांगरात झाकून ठेवलेली असते. यंदा मोहोराची फवारणी सुरू केल्यापासून एक त्रास होतो आहे. सकाळी हँडल हलके असते. मात्र मागच्या कॅरियरवर 60 लिटरची टाकी ठेवून, तिचा पंप चालू करून कलमांमधून सावकाश फिरू लागलो, की पंधरा-वीस मिनिटांत हँडल एकदम जड होते आणि मीटरवरचा स्टेअरिंगचा दिवा लागतो. चावी बंद करून पुन्हा चालू केली, की थोडा वेळ ठीक चालते. काल गडग्याजवळच्या वळणावर ते अचानक जड झाले आणि गाडी दगडांवर जाता जाता राहिली.

मेकॅनिकने गाडी पाहून पूर्ण युनिटच बदलावे लागेल असे सांगितले. त्याची किंमत ऐकल्यावर घरात दोन दिवस कोणी तो विषय काढला नाही. खर्च करण्यापूर्वी आणखी काय तपासावे?

तारजोड:
युनिट बदलण्याची घाई करू नये. चावी फिरवल्यावर जे युनिट पुन्हा कामाला लागते, ते जळालेले असण्याची शक्यता कमी असते. बहुतेक वेळा त्याला वीज कमी पडते आणि ते स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते.

या गाड्यांत ट्रॅक्टरसारखे तेल, पंप किंवा होजपाइप नसतात. हँडलच्या दांड्यावर एक सेन्सर असतो. आपण किती जोर लावतो आहोत हे तो कंट्रोलरला कळवतो आणि कंट्रोलर त्या प्रमाणात मोटरला वीज देतो. गाडी उभी असताना किंवा अगदी सावकाश चालत असताना चाके वळवायला सर्वांत जास्त जोर लागतो, त्यामुळे मोटर सर्वांत जास्त करंट नेमका तेव्हाच खेचते, आणि इंजिन मंद फिरत असल्याने चार्जिंगही नेमके तेव्हाच कमी असते. त्यात तुमचा फवारणीचा पंप त्याच 12 व्होल्टवर चालतो. व्होल्टेज मर्यादेखाली गेले, की कंट्रोलर मदत थांबवतो आणि दिवा लावतो. ही मर्यादा मॉडेलप्रमाणे बदलते, परंतु 11 व्होल्टच्या आसपास धोका आहे असे धरून चालावे.

मल्टिमीटर घेऊन तीन ठिकाणची मापे घ्यावीत: बॅटरीच्या दोन टोकांवर, स्टेअरिंग युनिटच्या जाड तारांच्या कनेक्टरवर, आणि युनिटची अर्थिंगची तार ते बॅटरीचे ऋण टोक यांच्या दरम्यान. इंजिन चालू ठेवून, गाडी जागेवर उभी असताना दुसऱ्या माणसाला हँडल दोन्ही बाजूंना फिरवायला सांगावे आणि त्याच वेळी आकडा वाचावा, कारण हँडल स्थिर असताना घेतलेल्या मापाला येथे काहीच अर्थ नाही. प्रत्येक माप एकदा पंप बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून घ्यावे. हँडल शेवटपर्यंत नेऊन तेथे दाबून धरू नये. त्याने मोटर तापते, आणि तापल्यावरही कंट्रोलर मदत कमी करतो.

जुना टायर:
विजेची तपासणी अवश्य करावी, पण यांत्रिक बाजू सोडू नये. स्टेअरिंगची मोटर जर सतत जास्त जोर लावत असेल, तर ती करंटही जास्त खेचणारच. पुढच्या टायरमधली हवा आधी पाहा. या टायरांना बहुधा 5 ते 7 पीएसआय इतकीच हवा लागते आणि ती 2 पीएसआयने कमी झाली तरी हँडलला जाणवते. नेहमीच्या पंपावरचा मीटर इतका कमी दाब नीट दाखवत नाही, कमी दाबाचा वेगळा गेज वापरा. पुढचा डिफरेन्शियल लॉक (पुढची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरवणारा) किंवा फोर-व्हील ड्राइव्हचा स्विच चुकून चालू राहिला आहे का, तेही पाहा.

त्यानंतर इंजिन बंद करून पुढची बाजू जॅकवर उचला आणि हँडल हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मोटर आणि गिअरमुळे थोडा अवरोध लागेल, पण तो सगळीकडे सारखा असायला हवा. मध्येच अडकल्यासारखे वाटले तर टाय रॉडची (हँडलचे वळण चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांची) टोके, बॉल जॉइंट आणि चाकांची बेअरिंगे एकेक करून तपासा.

तरीही एक गोष्ट मलाच खटकते. मागे 60 लिटर पाणी असताना पुढच्या चाकांवरचा भार थोडा कमी होतो, म्हणजे हँडल उलट हलके लागायला हवे. तुमचे त्याच वेळी जड होते, त्यामुळे मुख्य दोष चाकांत असेल असे मला वाटत नाही.

कातळवाट:
दोघांचेही आभार. मापे अशी आली. पंप बंद, हँडल फिरवताना: बॅटरीवर 13.1, युनिटच्या कनेक्टरवर 12.1. पंप चालू, वीस मिनिटांनंतर: बॅटरीवर 12.5, कनेक्टरवर 10.9. अर्थिंगची तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात या दुसऱ्या वेळी 1.3 व्होल्ट दिसले. हवा एका टायरमध्ये 4 पीएसआय होती, ती भरली. जॅकवर हँडल सारखे फिरते, मात्र उजव्या टाय रॉडच्या टोकाचे रबर फाटले आहे. मेकॅनिक आता नवी बॅटरी टाका म्हणतो.

तारजोड:
बॅटरी टाकू नका. बॅटरीवर 12.5 आहेत आणि युनिटपर्यंत 10.9 पोहोचतात, म्हणजे 1.6 व्होल्ट वाटेत खर्च होतात आणि त्यांतले 1.3 एकट्या अर्थिंगच्या वाटेवर जातात. सुस्थितीतल्या जोडणीत तेथे 0.2 च्या वर आकडा जाऊ नये. नवी बॅटरी टाकली असती तर आठ-पंधरा दिवस बरे वाटले असते आणि दोष झाकला गेला असता.

युनिटची अर्थिंगची तार चेसिसवर ज्या बोल्टला लावली आहे तो शोधा. फवारणीच्या पंपाची काळी तारही त्याच बोल्टला जोडली आहे का, हे पाहा. पंप बसवणारे सहसा जो बोल्ट आधी हाताला लागेल तोच वापरतात. ढिला आणि गंजलेला जोड काम करताना तापतो आणि तापला की त्याचा रोध वाढतो, म्हणून पहिली पंधरा मिनिटे काही जाणवत नाही.

कातळवाट:
तसेच निघाले. सीटखालच्या एकाच बोल्टवर चार लग (तारांच्या टोकांच्या धातूच्या कड्या) एकावर एक बसवलेले होते आणि पंपाची तार सर्वांत खाली होती. बोल्ट हाताने फिरत होता, लगांवर हिरवी बुरशी चढली होती आणि चेसिसवरचा रंगही खरवडलेला नव्हता. बॅटरीची तार काढून चारही लग पॉलिश पेपरने घासले, चेसिस खरवडून उघडे लोखंड काढले, स्टार वॉशर टाकून बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. पंपाच्या दोन्ही तारा वेगळ्या काढून, लाल तारेत फ्यूज घालून, थेट बॅटरीवर नेल्या. आता पंप चालू असताना बॅटरीवर 12.7, कनेक्टरवर 12.4 आणि अर्थिंगवर 0.1 येतात. काल चार टाक्या फवारल्या. हँडल एकदाही जड झाले नाही. टाय रॉडचे टोक मागवले आहे.

एकच शंका उरली आहे. चावी चालू केल्यावर स्टेअरिंगचा दिवा अजूनही लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. हे ठीक आहे का?

जुना टायर:
ठीक आहे. बहुतेक गाड्यांत तो दिवा स्वतःची चाचणी म्हणून तसा लागतो. काही मॉडेलांत इंजिन न लावता चावी चालू ठेवली, तर बॅटरी वाचवण्यासाठी काही मिनिटांनी स्टेअरिंगची मदत बंद होते आणि दिवा पुन्हा लागतो. त्यालाही दोष समजू नका. गाडी धुताना मात्र प्रेशर वॉशरची धार त्या कनेक्टरवर आणि सीटखाली मारू नका, आणि टाय रॉडचे टोक बदलल्यावर पुढच्या चाकांचा टो, म्हणजे ती किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत, ते तपासून घ्या.