ओझर (नाशिकचं विमानतळ) ते नागपूर नक्की किती वेळ? (सोसायटी ग्रुप)

बी-२०३ वहिनी: परवा ग्रुपवर ज्यांनी छातीठोकपणे सांगितलं ना की ओझरहून विमानाने नागपूर एक तास, त्यांनी आता माझ्या आईशी बोलावं. ७४ वर्षांची बाई हातात सांबारवडीचा डबा घेऊन नागपूरला सोनेगाव विमानतळावर नातीला घ्यायला पाऊण तास उभी, तिचा फोन बंद, आणि मला इकडे अकरा फोन 🙏

ए-४०२ काका: वहिनी मीच म्हणालो होतो. हवाई अंतर साधारण ५४५ किमी, विमान ताशी ५०० ने जातं. हिशोब चूक नाही.

सी-१०१ भाऊ: समृद्धीने जायचं. नागपूर ते शिर्डी ५२०, पुढे नाशिक ९० च्या आसपास, कोणाची वाट बघायला नको

बी-२०३ वहिनी: काका, मी अंतर विचारलंच नव्हतं. आईने घरातून कधी निघायचं ते विचारलं होतं. तिकिटावर १ तास ४० मिनिटं होती, ती सोडून मी तुमचं ऐकलं

ए-४०२ काका: मग तिकीट बघायचं ना.

डी-५०१ ताई: काका हे बरं नाही हां

सी-३०४ दादा: मी बोलू का, ओझरच्या विमान कारखान्यात, एचएएलमध्ये आयुष्य गेलं माझं. ते पंख्याचं एटीआर विमान असतं, ताशी ५१० हा त्याचा वरचा वेग, तोही वर गेल्यावर, चढता-उतरताना बराच कमी. आणि तिकिटावरची वेळ म्हणजे चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून तिकडे परत लावेपर्यंत, धावपट्टीपर्यंत जाणं, तिथे थांबणं सगळं त्यात आलं. थंडीत वरचं वारं पश्चिमेचं, म्हणून नागपूरहून येताना वेळ जरा जास्तच लागतो

सी-१०१ भाऊ: मी कधीचा समृद्धी म्हणतोय. आता तर पूर्ण ७०१ किमी सुरू झालाय

ए-१०५: भाऊ आधी माझ्या पार्किंगमधली गाडी काढा मग न्या समृद्धीवर 😄

सी-१०१ भाऊ: दोन मिनिटं लावली. तुमच्या पाहुण्यांची आठवडाभर होती तेव्हा?

सेक्रेटरी: पार्किंगचा विषय कृपया मीटिंगमध्ये.

डी-५०१ ताई: मला तर रात्रीची विदर्भ एक्सप्रेस बरी, नाशिकरोडला जेवून बसायचं, सकाळी नागपूर. ओझरला जाताना आडगाव नाक्याला अडकलं की जीव वर-खाली होतो

बी-२०३ वहिनी: तेच ना ताई. गंगापूर रोडहून पाऊण तास, दीड तास आधी पोचायचं, मग विमान, मग सामान, घर ते घर साडेचार तास झाले. विमानाला कोण नाही म्हणतंय, पण म्हातारं माणूस उभं राहणार असेल तर वेळ नीट सांगा

ए-४०२ काका: आईंना त्रास झाला, वाईट वाटलं. मी गुगलवर अंतर बघून बोललो. रविवारी नात परत येतेय ना, मी जातो ओझरला आणायला.

बी-२०३ वहिनी: तिचे बाबा जाणार आहेत.

सी-१०१ भाऊ: रविवारी समृद्धीने

सी-३०४ दादा: वहिनी, तिकिटावरची उतरायची वेळ धरा आणि तिच्या बाबांना हायवेवर दहाव्या मैलाच्या फाट्यापाशी थांबायला सांगा. तिचा फोन आला की आत विमानतळाकडे, जानोरीच्या बाजूला. तोवर सामान येतं

बी-२०३ वहिनी: हो दादा. काका, आईने निरोप दिलाय, वड्या परत तळल्या, नातीने सहा खाल्ल्या.